ठिगळांची गोधडी म्हणावे का?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "शिवणातून उरलेले कापडाचे तुकडे जोडून घरीच पांघरूण शिवते आहे. माहेरी आम्ही याला गोधडी म्हणतो. सासूबाई कोल्हापूरकडच्या, त्या वाकळ म्हणतात. व्हिडिओत बघावे तर 'पॅचवर्क क्विल्ट', आणि एका मराठी लेखात त्याचेच 'ठिगळकाम' केलेले. नव्या कापडाला ठिगळ म्हणणे मला काही पटेना. यातला बरोबर शब्द कोणता?"

ताई, तुम्हाला पटले नाही ते योग्यच आहे. ठिगळ लागते ते फाटक्यावर. आधी भोक पडते, मग ठिगळ येते. 'आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार' असे आपण म्हणतो, त्यात फाटणे आधी आहे. हिंदीतली 'थिगली' हे याच शब्दाचे भावंड, आणि 'आसमान में थिगली लगाना' हा वाक्प्रचारही तिथे आहे.

आमच्या घरात एक जुनी गोधडी आहे. वरून निळे सुती पातळ, खालून धोतर, मध्ये काय काय घातले आहे ते शिवणारीलाच ठाऊक. धुऊन धुऊन एका कोपऱ्याकडे पातळ विरले, तेव्हा कुणीतरी त्यावर फुलाफुलांच्या छिटाचा चौकोन लावला. तो चौकोन हे ठिगळ. त्याच्या चारही कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवल्या आहेत, आणि गोधडीचा मूळ धावदोरा त्याच्याखालून जातो, त्याच्या अंगातून जात नाही. म्हणजे गोधडी आधीची, ठिगळ नंतरचे, हे दोरा बघूनच सांगता येते. तुमच्या कामात असे काही नाही. तुम्ही तुकड्याला तुकडा जोडून मुळात कापडच तयार करताय. तो जोड आहे. 'ठिगळकाम' हा शब्द इंग्रजी शब्द समोर ठेवून केलेला दिसतो. हातात सुई घेतलेल्या बाईने तो केला नसता.

मग त्या तुकड्यांना काय म्हणायचे? चिंधी म्हणावे तर ती फाडलेली असते. कापड हलके आहे की भारी, याच्याशी चिंधीचा संबंध नाही. कृष्णाच्या बोटाला द्रौपदीने बांधली तीही चिंधीच, आणि ती भरजरी वस्त्राची होती. हल्ली 'चिंधी' म्हणजे हलके, फालतू असा अर्थ बोलण्यात रुजला आहे, त्याने या शब्दावर अन्याय झाला असे मला वाटते. पण तुमचे तुकडे फाडलेले नाहीत, कात्रीने कापून उरलेले आहेत. ती कात्रणे. आज कात्रण म्हटले की वर्तमानपत्राचे डोळ्यांपुढे येते, तरी शब्द कातरण्यावरूनच आला आहे आणि शिंप्याच्या मशीनखाली पडते तेही कातरणच. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात ठाणाच्या शेवटी उरलेला मीटर-दीड मीटर स्वस्तात मिळतो तो कटपीस. तो अखंड असतो, त्याला कात्रण म्हणत नाहीत.

आता मुख्य शब्द. 'गोधडी' हे नाव तुकड्यांवरून पडलेले नाही. थर एकावर एक ठेवायचे आणि सगळ्यांतून आरपार धावदोरा घालायचा, की झाली गोधडी. आपल्याकडच्या कितीतरी गोधड्यांना वरून एकही जोड दिसत नाही. वर एक अख्खे पातळ, खाली दुसरे, आणि चिंध्या, फाटके सदरे, उसवलेले परकर सगळे पोटात. नागपूरला तर सुती पातळांची कमी कधीच नव्हती. इतवारीकडच्या कोष्ट्यांचे माग होते, आणि १८७७ पासून एम्प्रेस मिल होती. नेसून नेसून मऊ झालेले सुती पातळ अंगाला लागावे म्हणून ते वर घालायचे, तुकडे आत लपवायचे. तुमच्या पांघरुणात नेमके उलटे आहे: तुकडे वर, मिरवायला. तरीही ती गोधडीच, अट एकच, की खाली थर हवेत आणि दोरा आरपार हवा. नुसते तुकडे जोडून एकेरी कापड केलेत आणि तिथेच थांबलात, तर ती गोधडी नाही. ती चादर होईल, पलंगपोस होईल.

'क्विल्ट'ला सरसकट रजई म्हणतात, तेही मला खटकते. रजई भरतात, गोधडी शिवतात. रजईत पिंजलेला कापूस असतो, आणि तो हलू नये एवढ्यापुरते दूर दूर टाके असतात. गोधडीत कापूस नसतो, कापडावर कापड असते, म्हणून तिचे टाके बोटाबोटाच्या अंतरावर येतात. 'गोधडी भरून आणली' असे कुणी म्हणाले तर घरातली म्हातारी माणसे लगेच टोकतील. दुपटे हे बाळाचे, त्यात दोन पट आहेत ते नावातच सांगितले आहे. पासोडी वेगळी, ते जाडेभरडे पांघरायचे वस्त्र, तुकड्यांचे नव्हे. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी 'पंचीकरण' हे आपले काव्य लिहून काढले ते असल्याच पासोडीवर. जोड आणि धावदोरे असते तर त्यावर लेखणी चालली नसती.

सासूबाईंची वाकळ शंभर टक्के बरोबर आहे. वाकळ म्हणजे चिंध्यांची जाड, वजनदार गोधडी. दक्षिण महाराष्ट्रात हाच शब्द रोजचा. त्याचे मूळ 'वल्कल' असे सांगतात आणि मला ते पटते. प्राकृतात वल्कलाचे 'वक्कल' होते. पुढे मराठीत एक क गळून आधीचा स्वर लांबतो, आणि फलाचे फळ होते तसे शेवटच्या ल चे ळ होते. सीमेपलीकडे कानडीत याच वस्तूला कौदी म्हणतात, तो शब्द निराळा. आपल्या विदर्भाच्या बोलीत ळ चा य होतो. काळा तो काया, डोळे ते डोये, तशी वाकळ आली की तिची वाकय होते आणि ठिगळाचे ठिगय. खेड्यातल्या आजीने 'ठिगय' म्हटले तर तो अशुद्ध उच्चार समजू नका, बोलीचा नियमच तो आहे.

नागपुरात आणखी एक शब्द कानावर पडेल, कथरी. तो हिंदीचा. छत्तीसगडकडून कामाला आलेल्या कुटुंबांत सर्रास चालतो. १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर हिंदी आणि मराठी मुलखांच्या एकत्र प्रांताची राजधानी होते, त्यामुळे असे शब्द इथे परके वाटत नाहीत. कथरीचे मूळ संस्कृत 'कंथा'. बंगालीत तिचीच काँथा झाली आणि आता 'कांथा वर्क' म्हणून साड्यांवर परत आली आहे. मराठीत कंथा उरली ती बैराग्याच्या, नाथपंथी जोग्याच्या अंगावर, पांघरुणाच्या पेटीत नाही. म्हणून तुमच्या कामाला कंथा म्हणू नका, अर्थ भलतीकडे जाईल. गोधडीला मात्र असे काही होत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरून गावोगाव फिरले, आणि लोकांनी त्यांना कुठे गोधडे महाराज तर कुठे चिंधेबुवा म्हटले. ही नावे आदराने घेतली जात. गरिबीचा शब्द म्हणून गोधडीला बिचकायचे काहीच कारण नाही.

तेव्हा तुम्ही शिवताय ती 'तुकड्यांची गोधडी'. कात्रीने कापून उरलेलेच तुकडे वापरले असतील तर 'कात्रणांची गोधडी' हे मला अधिक आवडेल, कारण माल कुठून आला तेही त्यात कळते. पद्धतीला 'तुकडेजोड' किंवा नुसते 'जोडकाम' म्हणा. पुढे कधी ती विरली आणि वरून कापड लावावे लागले, तर त्या कापडाला खुशाल ठिगळ म्हणा.

लिहिताना 'गोधडी' ध ने लिहा, अनेकवचन गोधड्या. बोलताना पुष्कळांच्या तोंडी 'गोदडी' येते. गुजरातीत द आहे, हिंदीच्या गुदडीत द आहे, आणि नगरकडच्या कर्जतचे संत गोदड महाराज यांच्या नावातही द च आहे. सासूबाईंशी बोलताना वाकळ म्हणालात तरी बिघडत नाही.