चिंता, धास्ती की ‘घाबरल्यासारखं’?

दादरच्या एका तरुणीचा प्रश्न आहे. डॉक्टरांनी तिच्या कागदावर ‘अँक्झायटी डिसऑर्डर’ लिहिलं. तिने घरी ‘चिंताविकार’ म्हणून सांगितलं, तर आई म्हणाली, ‘चिंता कोणाला नसते?’ मग नेमका शब्द कोणता?

शब्द चिंताविकार हाच, लिखाणात तोच रुळलाय. पण आईचंही चुकत नाही. चिंता ही चिंतनाची सख्खी बहीण, दोघी ‘चिन्त्’ धातूच्या. तिच्यात विचार आहे, शरीर नाही. आणि माणूस दवाखान्यात जातो तो बहुधा शरीराची तक्रार घेऊनच: छातीत धडधडतं, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात. नाहीतर सरळ ‘घाबरल्यासारखं होतंय’. यातलं ‘सारखं’ मला फार नेमकं वाटतं. भ्यायला समोर काहीच नाही, तरी अंग भ्यालेलं. (कित्येक लोक यालाच ‘गॅस झाला’ म्हणतात. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्यावं, हे आलंच.)

‘अँक्झायटी’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘आंगेरे’ आहे, म्हणजे आवळणं. ऋग्वेदातला ‘अंहस्’, म्हणजे संकट, कोंडी, हा त्याच घराण्यातला. माझा एक मित्र फास्ट लोकल सोडून मुद्दाम स्लो धरतो, दर स्टेशनला उतरता येतं म्हणून. गाडीत कोंडल्यासारखं होऊन भीतीचा झटका (पॅनिक अटॅक) येईल, ही त्याची काळजी. असा झटका साधारण 10 मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. तो पुन्हा येईल ही धास्ती मात्र महिनोन्‌महिने राहते. ‘धास्ती’ शोभतो तो इथे. फोबियाला भयगंड आहेच.

राहिला ‘विकार’. संस्कृतात दुधाचं दही होणं हाही विकारच, म्हणजे बदल. हृदयविकार सांगताना कोणी आवाज खाली आणत नाही, मग इथेच का? पण प्रत्येक चिंता विकार नव्हे. सर्वसाधारण चिंताविकार म्हणायला ती निदान 6 महिने, बहुतेक दिवस, आवरू म्हटलं तरी न आवरणारी हवी. जोडीला झोप उडणं, चिडचिड, थकवा, लक्ष न लागणं, अंग आखडणं यांतलं काही. ‘टेन्शन’ मात्र नको. मुंबईत ते मेगाब्लॉकचंही येतं.

आईला विकाराचं नाव नंतर सांगा. आधी एवढंच म्हणा, ‘आई, काही कारण नसताना सकाळपासून जिवाची घालमेल होते गं.’