बल्ब बदलण्याआधी व्होल्ट मोजा

प्रश्न : वडिलांची वीस वर्षं जुनी मोटारसायकल मी अजून रोज चालवतो. हेडलाइटला ३५/३५ वॅटचा तीन पिनांचा हॅलोजन बल्ब आहे. गाडी उभी असताना प्रकाश पिवळट, मलूल दिसतो. रेस दिली की वाढतो. एक मेकॅनिक ९०/१०० वॅटचा बल्ब टाका म्हणतो, दुसरा एलईडी. कुणाचं ऐकू?

उत्तर : तूर्त दोघांचंही ऐकू नका. रेस दिली की प्रकाश वाढतो, हे तुम्हीच लिहिलं आहे आणि निदान त्यातच आहे. तुमच्या हेडलाइटला वीज बहुधा बॅटरीतून येत नाही, ती थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कॉइलमधून येते. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून, चावी फिरवून हेडलाइटचं बटण दाबा. हॉर्न आणि इंडिकेटर चालले, पण हेडलाइट लागला नाही, तर ही एसी (दिशा सतत उलटणारी वीज) वायरिंगची गाडी आहे असं धरून चाला. अशा गाडीत इंजिन जितकं फिरेल तितकी वीज. रेग्युलेटर वाढलेलं व्होल्टेज आवरतो, पण कमी पडलेलं वाढवू शकत नाही.

आता त्या कॉइलवर १०० वॅटचा बल्ब लादला तर काय होईल? त्याला आठ अँपिअरहून जास्त करंट हवा, तुमच्या ३५ वॅटच्या बल्बला तीनही लागत नाहीत. कॉइलमध्ये तेवढा दमच नाही, त्यामुळे व्होल्टेज बसेल आणि मोठा बल्ब आजच्यापेक्षाही पिवळा जळेल. वर स्विचचे पॉइंट करपतील, होल्डरचं प्लास्टिक वितळेल, रिफ्लेक्टरची चकाकी उष्णतेने जाईल ती वेगळीच. चकाकी गेलेल्या रिफ्लेक्टरमागे कोणताही बल्ब लावा, उजेड पडत नाही.

आधी मल्टिमीटर घ्या. बल्ब जागेवर आणि पेटलेला असू द्या, इंजिन मध्यम रेसवर. मीटर एसीवर ठेवून कपलरच्या (बल्बला वायर जोडणाऱ्या सॉकेटच्या) मागून बल्बच्या पिनांवर व्होल्टेज बघा. मग रेग्युलेटरपाशी, जिथून लाइटची वायर निघते तिथे, बघा. रेग्युलेटरने कापलेली एसी साधं मीटर नीट वाचत नाही, म्हणून आकड्यापेक्षा दोन जागांमधला फरक महत्त्वाचा. तो अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर वीज वाटेतच गळते आहे. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की फिलामेंटचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो! जुन्या गाडीचा हरवलेला उजेड बहुतेक वेळा मला इथेच सापडतो : अप्पर-डिपरच्या स्विचमधले काळे पॉइंट, हिरवी पडलेली कपलरची टोकं आणि सगळ्यात जास्त अर्थिंग. हेडलाइटची अर्थ वायर काढून चेसिसवर रंग खरवडलेल्या स्वच्छ जागी नवी, जाड वायर घट्ट बसवा. काम छोटं आहे, पण फरक डोळ्यांना दिसतो.

मग चांगल्या प्रतीचा नवा ३५/३५चा एचएस१ बल्ब घाला; तुमच्या तीन पिनांच्या बल्बच्या प्रकाराचं हे नाव. प्रमाणित एचएस१ १३.२ व्होल्टला अप्परवर सुमारे ८२५ आणि डिपरवर ५२५ ल्युमेन (प्रकाशाचं माप) देतो. कारमधला ६०/५५चा एच४ त्याच्या जवळपास दुप्पट देतो, दिसायलाही सारखाच असतो. पण दोघांच्या बुडाची चकती वेगळी असते. ती कानशीने घासून बसवणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. फिलामेंट एक-दोन मिलिमीटर जरी सरकला तरी झोत विस्कटतो.

एलईडीचंही तेच. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची बारीक वाटी असते, ती खाली जाणारा प्रकाश अडवते. म्हणूनच डिपरचा झोत रस्त्यावर राहतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीच्या चिप अचूक त्याच जागी नसतील तर प्रकाश वर उधळतो. तुम्हाला लख्ख वाटतं आणि समोरून येणारा आंधळा होतो. तोही दुचाकीवरच असू शकतो, हे कृपा करून विसरू नका. शिवाय एसीवर साधा एलईडी लुकलुकतो.

एवढं करूनही उजेड कमी वाटला तर खरा मार्ग म्हणजे वायरिंग डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज) करणं : कॉइलचं अर्थ केलेलं टोक सोडवायचं, एसीच्या दोन्ही दिशांची वीज डीसी करणारा फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवायचा आणि हेडलाइट रिलेमार्फत (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत) बॅटरीवर घ्यायचा. हे अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम आहे. पण त्याआधी कॉइल एकूण किती वॅट देते ते त्याच्याकडून तपासून घ्या, नाहीतर रात्रीच्या प्रवासात बॅटरीच उतरेल.

प्रश्न : माझ्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर आहे. नवा बल्ब दोन-तीन आठवड्यांत उडतो. कंपनी बदलूनही तेच.

उत्तर : बल्बला दोष देण्याआधी रेस देऊन बॅटरीच्या टोकांवर डीसी व्होल्टेज बघा. साडेचौदाच्या बरंच वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे. पाच टक्के जादा व्होल्टेजनेही फिलामेंटचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. बॅटरीही उकळत असणार, तिचं पाणी तपासा. व्होल्टेज ठीक असेल तर हेडलाइटचे रबरी बुश आणि होल्डरची स्प्रिंग बघा. सैल बल्ब हादऱ्यांनी मरतो. आणि बसवताना काचेला बोट लावू नका. हाताचं तेल तापून तिथे काच खराब होते. लागलंच तर स्पिरिटने पुसून, सुकवूनच लावा.

प्रश्न : बल्ब बदलल्यावर फोकस घरी कसा लावावा?

उत्तर : सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर असू द्या आणि नेहमीच्या वजनाने वर बसा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या १० ते २० सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे रोज कुणी बसत असेल तर त्यालाही बसवूनच स्क्रू आवळा.