अलॉय बसवल्यापासून स्टेअरिंग थरथरतंय: आधी 14 नोव्हेंबर गाठा

कागलच्या एका वाचकाने विचारलंय: ‘2023 च्या दिवाळी पाडव्याला, 14 नोव्हेंबरला, कोल्हापुरातल्या एका दुकानातून स्विफ्टला 17 इंची अलॉय चाकं आणि नवे टायर बसवून घेतले. 68 हजार दिले, निम्मे यूपीआयने, निम्मे रोख. त्याच दिवशी हायवेला 85 च्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग, अलाइनमेंट बऱ्याचदा करून दिलं, फरक नाही. या जुलैत दुकानदाराने हात वर केले. पक्कं बिल नाही, साधी चिठ्ठी आहे. जुनी चाकं त्यालाच दिली. आता काय करू?’

गाडीच्या जागी फ्रिज किंवा इन्व्हर्टर घातला की असे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. दुकानदाराने पैसे घेऊन काम नीट केलं नाही, हे सांगायला वकील लागत नाही. तुमचं सगळं प्रकरण एका तारखेवर अडलंय, तेवढं नीट वाचा.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. तुम्ही जुलैपासून मोजताय. समोरचा वकील पाडव्यापासून मोजेल, आणि त्याचंच ग्राह्य धरलं जाण्याची शक्यता जास्त, कारण थरथर त्याच दिवशी सुरू झाली हे तुमचंच म्हणणं आहे. म्हणजे येत्या 14 नोव्हेंबरला, 2025 मध्ये, मुदत संपते. दसरा झालाय, मधे दिवाळीच्या सुट्ट्या आहेत. ऑक्टोबर संपायच्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे.

‘तो करून देतो म्हणत होता म्हणून थांबलो’ हे मला पाठ झालंय. दुकानाच्या फेऱ्या आणि ‘बघू, या पुढच्या आठवड्यात’ असले मेसेज यांनी मुदत वाढत नाही. उशीर माफ करायचा अधिकार तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाला आहे, पण सबळ कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते नोंदवावं लागतं. जवळजवळ दोन वर्षं तुम्ही एकही लेखी तक्रार दिली नाही. माफीच्या भरवशावर राहू नका. नोटीस आजच स्पीड पोस्टाने पाठवा, पण तिच्या उत्तराची वाट बघू नका. ग्राहक तक्रारीआधी नोटीस दिलीच पाहिजे असं बंधन नाही.

दाखल करणं अवघड नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतं, वकील नसला तरी चालतं. पक्कं बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तो मुद्दा तक्रारीत जरूर घाला. यूपीआयची नोंद, चिठ्ठी आणि मेसेज जोडा. रोख दिलेल्या 34 हजारांचं काय होईल, ते चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावर ठरेल.

आता पुराव्याचं. मुळची चाकं देऊन टाकलीत, ही मोठी चूक. ती असती तर चढवून एक चक्कर मारली असती आणि दोष गाडीत की अलॉयमध्ये हे तासाभरात कळलं असतं. नात्यात, ओळखीत कुणाकडे तशीच स्विफ्ट असेल तर तिची चाकं एका दिवसासाठी मागून घ्या.

माझा अंदाज हब रिंगवर आहे. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाकाचं मधलं भोक ज्यावर बसतं त्या गोल भागाचा, व्यास 54.1 मिमी. बाजारातले बरेच अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, 73.1 मिमीचं सर्रास मिळतं. मधली फट भरणारी रिंग बसवली नाही, तर चाक फक्त नटांवर धरलं जातं आणि केसभर एका बाजूला बसतं. बॅलन्सिंग मशीनवर तेच चाक शंकूसारख्या कोनने बरोबर मध्यावर धरलेलं असतं, त्यामुळे तिथे सगळं शून्य दिसतं आणि गाडीवर पुन्हा थरथर. वारंवार बॅलन्सिंग करूनही फरक न पडण्याचं हे एक ठरलेलं कारण. वाकलेली रिम, गोलाई गेलेला टायर किंवा त्या अलॉयला न जुळणारे नट हीही कारणं असू शकतात. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर मात्र डिस्क बघावी लागेल.

इथे तुम्ही घाई कराल अशी मला धास्ती आहे. उद्यमनगरात लेथवर रिंगा करून मिळतील, गाडी सरळ होईल आणि पुरावा जाईल. रिंग बसवण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चाक उतरवून हब आणि अलॉयचं भोक दोन्ही व्हर्नियरने मोजून घ्या. तारखेसह फोटो काढा आणि निष्कर्ष लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घ्या. नाहीतर दुकानदार रस्त्याच्या कामावर आणि खड्ड्यांवर बोट ठेवेल. अहवाल हातात आला की दुरुस्ती करा, तिचं पक्कं बिल ठेवा, तो खर्चही मागता येईल. तोवर हायवेला वेगात जाऊ नका, घरची माणसं गाडीत असतात.

दुकानदार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा, म्हणजे गाडीत बेकायदा बदल केल्याचा मुद्दा काढेल. कंपनीने तुमच्या मॉडेलला चाकांची कोणती मापं मान्य केलीत, त्यावर बरंच अवलंबून आहे. गाडीची पुस्तिका बघून मला कळवा. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर तेही करून टाका.

वेळ किती लागेल? कायद्यात तीन महिने आहेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखाच पडत राहतात आणि 68 हजारांसाठी माणूस वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो, याची मला मनापासून चीड आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, पण त्याने ग्राहक आयोगातल्या तारखा लवकर लागणार नाहीत. म्हणून मध्यस्थीचा पर्याय आला तर नाकारू नका. चाकं परत घेऊन पैसे, किंवा दुरुस्तीचा खर्च आणि थोडी भरपाई, यातलं जे लेखी मिळेल त्याचा विचार करा. पण ही बोलणी तक्रारीचा नंबर हातात आल्यावर.