तुटीवर तडजोड होत नाही म्हणून मुलांचे गुण कापू नका

तुम्ही लिहिलंय की टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलांचे दोन गट केले, एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. त्यांच्या हातात 2011 सालची अमेरिकेची तूट, म्हणजे सरकारचा मिळकतीपेक्षा जास्त झालेला खर्च, दिली आणि ती कमी कशी करायची यावर तोडगा काढायला सांगितलं. दोन तास झाले तरी एक गट 'कर वाढवणार नाही' आणि दुसरा 'पेन्शनला हात लावू देणार नाही' यावर अडून बसलाय, आणि आता तोडगा निघाला नाही तर दोघांचेही अंतर्गत गुण कापायचा तुमचा विचार आहे. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि जेवता जेवता उठून लिहायला बसलो. एवढं एक करू नका.

तूट आणि कर्ज यांतला फरक, कर्जमर्यादा (सरकारने किती कर्ज काढायचं याची कायद्याने घातलेली मर्यादा) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. आधीच सांगतो, मी अमेरिकेच्या राजकारणाचा अभ्यासक नाही. तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि बरीच वर्षं अभिरूप संसद भरवली, एवढाच अधिकार. (अमेरिकाच घेतलीत हे उत्तम. आपले पक्ष दिले की पहिल्या दहा मिनिटांत मुलं आपापल्या काकांच्या वतीने भांडायला लागतात.)

तुमचा नियम मी घातला होता. तो माझ्या डोक्यातून निघालेला नव्हता, खुद्द अमेरिकन काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा होता. ऑगस्ट 2011 मध्ये कर्जमर्यादा वाढवताना त्यांनी 12 जणांची समिती नेमली, दोन्ही पक्षांचे सहा-सहा. दहा वर्षांत तूट किमान 1,200 अब्ज डॉलरने कशी कमी करायची ते 23 नोव्हेंबरपर्यंत ठरवा, नाहीतर आपोआप कपात: अर्धी संरक्षणातून, अर्धी बाकीच्या खर्चातून. एका पक्षाला संरक्षण प्यारं, दुसऱ्याला कल्याणकारी योजना, म्हणजे दोघंही घाबरून जुळवून घेतील असा हिशेब. समितीने मुदतीच्या दोन दिवस आधीच हात वर केले. 1 मार्च 2013 ला कपात खरोखर लागू झाली, त्या वर्षापुरती 85 अब्ज डॉलरची.

हे सगळं माहीत असूनही मला ती युक्ती हुशारीची वाटली! वर्गात जाहीर केलं: दोन तासांत सही झाली नाही तर दोन्ही गटांचे 20 पैकी 10 गुण गेले. एका गटाच्या नेत्याने विचारलं, "सर, दोघांचेही जाणार ना?" मी हो म्हणालो. त्याने समोरच्या गटाच्या नेत्याकडे पाहिलं, दोघं हसले आणि चहाला गेले. दोघंही हुशार, लेखी परीक्षेत भरून काढणारे. प्रतिस्पर्ध्याचेही तेवढेच जाणार म्हटल्यावर त्यांना कसली भीती?

मार बसला तो मागच्या बाकांवरच्यांना. वाटाघाटीत त्यांना कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं आणि त्यांतल्या तिघांचं पास-नापास त्या 10 गुणांवर होतं. मी शब्द पाळायचा म्हणून गुण कापून भरले. रात्री चूक लक्षात आली. सकाळी परीक्षा विभागात गेलो तर गुण ऑनलाइन लॉक झालेले. अर्ज दिला. 'विहित नमुन्यात नाही' म्हणून परत आला. नमुना मागितला तर तो त्यांच्याकडेच नव्हता. दुसरा अर्ज गहाळ झाला, तिसऱ्यावर 'नियमात तरतूद नाही' असा एका ओळीचा शेरा. तिघांना एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला. त्यातल्या एकाचे वडील मला भेटायला आले होते, काहीच बोलले नाहीत, फक्त निकालपत्र पुढे धरलं. पुढची दोन वर्षं मी हा उपक्रम घेतला नाही.

नंतर वाचताना कळलं, तिकडेही असंच झालं होतं. एप्रिल 2013 मध्ये त्या कपातीमुळे हवाई वाहतूक नियंत्रकांना बिनपगारी रजेवर पाठवलं, विमानं रखडली, आणि काँग्रेसने आठवड्याच्या आत तेवढ्यापुरता कायदा करून पैसे फिरवले. विमानाने घरी जाणारे खासदारच होते ना! बाकीच्या योजनांवरची कपात राहिली तशीच.

मग करायचं काय? माझं मत, पटलं तर घ्या. अशी कोंडी फोडायला सर्जनशील विचार लागतो, पण तो म्हणजे भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवणं नव्हे. तसं केलंत तर कुणीतरी हमखास 'एक ट्रिलियन (1,000 अब्ज) डॉलरचं प्लॅटिनमचं नाणं पाडा आणि त्यावर सरकारचा खर्च भागवा' असं लिहितो. ती कल्पना तिकडे खरंच चर्चेत होती, जानेवारी 2013 मध्ये त्यांच्या अर्थखात्याने फेटाळली. डोकं लढवायचं ते प्रश्नाची मांडणी बदलायला. 'किती कापायचं' यावर मुलं अडतात, तेव्हा 'कधीपासून' विचारा. 1983 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन (रिपब्लिकन) आणि सभापती टिप ओ'नील (डेमोक्रॅट) यांच्या काळात पूर्ण सरकारी पेन्शनसाठीचं निवृत्तीचं वय 65 वरून 67 करायचं ठरलं, पण हळूहळू. पूर्ण 67 फक्त 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. म्हणजे तेव्हाच्या तेवीस वर्षांच्या पोरांना. तुमच्या मुलांना त्यांच्याच वयाचं उदाहरण द्या, वर्गाचा सूर बदलतो.

नाहीतर 'यादी कोण करणार' ते बदला. लष्करी तळ बंद करायचे तर आपल्या मतदारसंघातला तळ कोण जाऊ देईल? म्हणून 1988 पासून यादी करायचं काम बाहेरच्या आयोगाकडे दिलं. काँग्रेसला ती नाकारायची तर सगळीच नाकारावी लागे, त्यातला एखादा तळ वगळता येत नसे. वर्गात हा आयोग मागच्या बाकांवरच्या मुलांचा करा. हे मी नंतर केलं आणि त्या वर्षी पहिल्यांदा सही झाली.

आणि छोट्या तडजोडीला कमी लेखू नका. डिसेंबर 2013 मध्ये डेमोक्रॅट पॅटी मरे आणि रिपब्लिकन पॉल रायन या दोन खासदारांनी मोठ्या सौद्याचा नाद सोडून दोन वर्षांत 63 अब्ज डॉलरची कपात शिथिल केली. त्यातला काही पैसा विमानप्रवाशांच्या सुरक्षा शुल्कातून आला. कुणीच खूश नव्हतं, पण झालं.

जाता जाता: सगळे आकडे अब्ज डॉलरमध्येच ठेवा. ट्रिलियनचे लाख कोटी आणि त्याचे पुन्हा रुपये करत बसलात तर अर्धा तास तिथेच जातो. प्रोजेक्टरवर विसंबू नका, कार्डशीट वापरा. आणि गुण द्यायचेच असतील तर समोरच्या गटाची अडचण स्वतःच्या शब्दांत लिहून दाखवण्याला द्या, निकालाला नको. तुमच्याकडे मुलं किती आणि सलग तास मिळतात का ते कळवा, या उपक्रमाची माझी जुनी यादी शोधून पाठवतो.