ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारती एका दिवसात पाहायच्या असतील तर कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की आईवडिलांना घेऊन एका दिवसासाठी मुंबईला येताय, जागतिक वारसा म्हणून जाहीर झालेला तो भाग पाहायचाय, पण वास्तुकलेतलं घरात कुणालाच कळत नाही आणि वडिलांना फार चालवत नाही. चर्चगेटजवळच्या एका कचेरीत मी २२ वर्षं नोकरी केली आणि जेवणाच्या सुट्टीत पाऊस नसेल तर रोज ओव्हलला एक चक्कर मारली. त्या भागावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं सांगणं एकच आहे. यादी घेऊन पळू नका, उन्हाच्या मागे मागे चला.

म्हणजे असं बघा. ओव्हल मैदान मध्ये आहे. त्याच्या पश्चिमेला, महर्षी कर्वे रस्त्यावर, १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग आहे. आर्ट डेको म्हणजे गोल कोपरे, आडव्या रेषा आणि पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे असलेली त्या काळची नवी शैली. त्यांची तोंडं पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर येतं. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, घड्याळाचा राजाबाई टॉवर, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि जुनं सचिवालय. या दगडी इमारतींची तोंडं पश्चिमेला, म्हणजे त्या उजळतात दुपारी तीननंतर. आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती समुद्राकडे बघतात, त्या संध्याकाळी. बरेच लोक नेमकं उलटं करतात. सकाळी दहाला राजाबाईसमोर उभे राहतात, डोळ्यांवर ऊन आणि समोर काळपट सावली, आणि मग म्हणतात की काही खास वाटलं नाही.

तेव्हा सकाळी आठच्या आत चर्चगेटला उतरा. स्टेशनसमोरच इरॉस आहे, १९३८ सालचं थिएटर. लाल दगड आणि फिकट रंगाच्या भिंती, दोन बाजूंनी येणारे पंख आणि कोपऱ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत गेलेला मनोरा. वडिलांना तिथेच पाच मिनिटं उभं करा आणि एवढंच सांगा, की या पायऱ्या आणि हे गोल कोपरे लक्षात ठेवा, दिवसभर हेच पुन्हा पुन्हा भेटणार आहे. मग कर्वे रस्त्याने दक्षिणेकडे चाला, पण इमारतींच्या खालून नाही, मैदानाच्या बाजूच्या फुटपाथने. अगदी खालून मान वर करून इमारत दिसत नाही.

काय बघायचं? आधी नावं. एम्प्रेस कोर्ट, रजब महल, स्वस्तिक कोर्ट, कोर्ट व्ह्यू, शिव शांती भुवन. ही नावं नंतर पाटी ठोकून लावलेली वाटत नाहीत, अक्षरं इमारतीच्या अंगातूनच उमटल्यासारखी दिसतात. मग खिडक्यांवरचे छज्जे बघा. लांब, पातळ, कोपऱ्यावरून वळसा घालून जाणारे. ते नुसते शोभेचे नाहीत, खाली ऊन-पाऊस अडवतात. बाल्कन्यांचे कोपरे गोल का, तर त्या काळात मोठ्या आगबोटींचं सगळ्या जगाला वेड होतं. कठड्यांच्या आडव्या नळ्या आणि कुठे कुठे दिसणाऱ्या गोल खिडक्या त्यातूनच आल्या. फाटकांच्या जाळ्यांवर लाटा, उगवता सूर्य, कारंजी सापडतील. आईंना हे शोधायला सांगा, त्यांना मजा येईल. माझ्या आईने एकदा एका फाटकावरची लाट बघून सांगितलं होतं की ही आपल्या जुन्या पितळी डब्याच्या झाकणावर होती तीच नक्षी. ते खरंही होतं.

एक प्रसंग सांगतो. जुलैमधली गोष्ट, छत्री कचेरीत विसरलो होतो आणि सर आली म्हणून यातल्याच एका इमारतीच्या दारात उभा राहिलो. तळमजल्यावरच्या आजींनी आत ये म्हटलं. जिन्याशी पाय ठेवला आणि पाऊस विसरलो. मोझेकच्या फरशीत काळी-पिवळी पट्टी होती, ती दारापासून निघून थेट जिन्याच्या पहिल्या पायरीशी वळत होती, जणू पाहुण्याचा हात धरून आत नेणारी. कठड्याचं लाकूड इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं. जाळीच्या दाराची लिफ्ट. आजींच्या दिवाणखान्याच्या खिडकीतून मैदान आणि पलीकडे टॉवर. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात भिंतीवर घड्याळ कधी लावलंच नाही, राजाबाई दिसते ना." त्यानंतर या रांगेकडे मी कधी नुसत्या इमारती म्हणून बघू शकलो नाही.

म्हणूनच एक विनंती. ही माणसांची घरं आहेत. वॉचमनला विचारल्याशिवाय आत शिरू नका आणि खिडक्यांमध्ये कॅमेरा रोखू नका. नम्रपणे विचारलंत तर दारातून जिना बघू देणारे लोक भेटतात, नाही म्हणाले तर पुढे चला.

आता थोडा इतिहास, कारण तो कळला की मैदानात उभं राहण्याला अर्थ येतो. मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत पाडल्या. मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारने या दगडी इमारती उभारल्या, आणि त्या उभारल्या समुद्राकडे तोंड करून. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा खूप जवळ होता, मधे ही घरं नव्हतीच. पुढे १९२०च्या दशकात बॅकबेमध्ये, म्हणजे इथल्या समुद्राच्या खाडीत, भराव घातला गेला, नवी जमीन तयार झाली आणि तिच्यावर सिमेंट-काँक्रीटच्या पाच-सहा मजली इमारती आल्या. स्वतंत्र ब्लॉक, आतच न्हाणीघर आणि संडास, वर लिफ्ट. चाळीत वाढलेल्या मुंबईकराला ही केवढी नवलाई वाटली असेल! राजाबाईला मात्र तेव्हापासून समुद्राऐवजी या ब्लॉकांच्या बाल्कन्या दिसतात. दोन्ही रांगांमध्ये साधारण ६० वर्षांचं अंतर आहे आणि मधे फक्त एक मैदान. युनेस्कोने २०१८ साली यादीत घेतलं ते या जोडीला, एकूण ९४ इमारतींना. एकेकट्या रांगेपेक्षा समोरासमोर असणं हेच इथलं मोल आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि आणखी एक फरक. पूर्वेकडच्या बाजूला इंग्रज लष्करी अभियंत्यांची नावं येतात. हायकोर्ट कर्नल फुलर यांचं, जुनं सचिवालय कर्नल विल्किन्स यांचं. विद्यापीठाचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केले, ते भारतात कधी आलेच नाहीत. पश्चिमेकडे मात्र इथली नावं दिसू लागतात. एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं सूना महल ही गजानन बाबुराव म्हात्रे यांची कामं. हे नाव आपल्याकडे घराघरात ठाऊक असायला हवं होतं.

साडेदहानंतर ऊन चढतं. तेव्हा मैदान सोडा, टॅक्सी करा आणि फोर्टमध्ये महात्मा गांधी रस्त्यावरच्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीसमोर उतरा. १९३६ साल, मास्टर, साठे आणि भुता यांची रचना, शिल्पं ना. ग. पानसरे यांची. दर्शनी भिंतीवर शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका आहेत. समोरच्या फुटपाथवर जाऊन शांतपणे बघा. विमा कंपनीच्या दारावर राजे-महाराजे न बसवता कष्टकरी माणसं बसवावीत असं त्या काळात कुणाच्या तरी मनात आलं, हे मला फार मोठं वाटतं. दुपारची वेळ मग काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढा. बसायला जागा आहे, सावली आहे, स्वच्छतागृह आहे. वडिलांसाठी हे महत्त्वाचं. सगळी दालनं बघायचा आग्रह धरू नका. पलीकडेच रीगल थिएटर आहे, १९३३ सालचं, चार्ल्स स्टीव्हन्स यांनी केलेलं. त्यांचे वडील फ्रेडरिक स्टीव्हन्स म्हणजे बोरीबंदरच्या स्टेशनाचे, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे रचनाकार. बापाने टोकदार कमानींचं गॉथिक बांधलं, मुलाने डेको.

साडेतीनच्या सुमारास पुन्हा ओव्हलवर या. मैदानातून आडवी जाणारी वाट आहे, तिच्या मध्यावर उभे राहा. आजूबाजूला क्रिकेट चालू असेल, चेंडूवर लक्ष ठेवा. आता टॉवर उजळलेला असतो. कुर्ल्याचा पिवळसर दगड तिरप्या उन्हात मधासारखा दिसतो, शेजारचं हायकोर्ट मात्र काळसर आणि गंभीरच राहतं. टॉवरची उंची २८० फूट, पूर्ण झाला १८७८ मध्ये. पैसे दिले कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आईचं. त्या जैन होत्या, डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचं म्हणून घंटेचा आधार व्हावा हा हेतू होता, असं सांगतात. दुर्बीण असेल तर नक्की आणा. वर कोनाड्यांमध्ये पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं त्यांच्या त्यांच्या पेहरावात कोरली आहेत. विलायती धाटणीच्या मनोऱ्यावर आपली पागोटी! वर चढायला परवानगी नाही आणि कोर्टाच्या आवारात सुरक्षा कडक असते, त्यामुळे आत जाण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका. या इमारतींचं खरं सौंदर्य मैदानातूनच दिसतं.

मैदानही आपोआप टिकलेलं नाही. ते पार उकिरडा व्हायच्या बेताला आलं होतं, तेव्हा १९९०च्या दशकात आजूबाजूच्या रहिवाशांनी कोर्टात धाव घेतली आणि देखभालीची जबाबदारी अंगावर घेतली. दुसरीकडे मला वाईट वाटतं ते खिडक्यांचं. माझ्या डोळ्यांदेखत एका इमारतीने जुन्या चौकटी काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या. छज्जा तोच, पण चेहऱ्याचे डोळेच बदलल्यासारखं झालं. तुम्ही फिरताना जुन्या चौकटी जिथे शाबूत दिसतील तिथे जरा जास्त थांबा.

पाचनंतर वीर नरिमन रस्त्याने मरीन ड्राइव्हला जा. टॅक्सीने पाच मिनिटं. कोपऱ्यावर सूना महल दिसेल, गोल वळलेला दर्शनी भाग आणि माथ्यावर छोटा मनोरा. रस्ता ओलांडून समुद्राच्या कठड्यावर बसा, पण आधी पाठ समुद्राकडे करून. ही माझी सवय आहे आणि सगळ्यांना सांगतो. मावळतीचा प्रकाश समोरच्या सगळ्या ओळीवर पडतो, जवळपास एकाच उंचीच्या इमारती वळणासोबत वळत जातात आणि सकाळी शिकलेले छज्जे, पायऱ्या, गोल कोपरे वडील तुम्हाला स्वतःच दाखवू लागतील. सूर्य टेकला की मग तोंड फिरवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मे महिना वडिलांच्या तब्येतीला टाळाच. परत जाताना सहा ते आठ या वेळात चर्चगेटहून लोकल पकडू नका, आईवडिलांना त्या गर्दीत उभं राहणं जमणार नाही. साडेआठपर्यंत कठड्यावरच बसून राहा. तोवर दिवे लागलेले असतात, आणि गाडी चर्चगेटहूनच सुटत असल्याने जरा थांबलात तर बसायला जागाही मिळते.