आठवडाभराची ताई

"आठवडाभर जीव लावला आणि निघून आले. मी त्या पोराचं नुकसान तर केलं नाही ना?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. आश्रमशाळेत उन्हाळी शिबिर घेऊन परतलेली कॉलेजची मुलं विचारतात, वस्तीत काही महिने शिकवून मग नोकरीला लागलेले विचारतात. आज सांगते ती हकिगत मात्र थायलंडच्या समुद्रकिनाऱ्यावरची आहे. जिची आहे तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली, पंचविशीच्या आतली, पुण्यात नोकरीला. शाळेत असल्यापासून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडेस्कूलमध्ये लहानग्यांना सांभाळत आलेली, त्यामुळे पोरांना खेळवणं हातात बसलेलं. ओळखीतून तिला हुआ हिनला जायची संधी मिळाली. बँकॉकच्या दक्षिणेला, थायलंडच्या आखातावरचं हे गाव. आशियात ठिकठिकाणी काम करणारी मिशनरी कुटुंबं तिथल्या एका रिसॉर्टवर वर्षातून एकदा आठवडाभर जमत. आईवडील सभागृहात प्रार्थनेला, चर्चेला बसत आणि तेवढा वेळ त्यांची मुलं सांभाळायला बाहेरचे स्वयंसेवक येत. तिकीट आपलं, राहणं-खाणं संस्थेचं.

पहिल्या दिवशी नियम सांगितले गेले. मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत, कोणतं कुटुंब कुठे राहतं ते बाहेर बोलायचं नाही, कारण काही देशांत असं काम उघडपणे करता येत नाही. एकट्या मुलाला घेऊन खोलीत जायचं नाही, कायम दोन मोठी माणसं हवीत. नियम चांगलेच होते. फक्त निघताना काय करायचं, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

तिच्या गटात सात वर्षांचा एक मुलगा होता. पासपोर्ट अमेरिकेचा, घर मध्य आशियातल्या एका शहरात. समुद्र वर्षातून एवढा एकदाच दिसायचा. पहिल्या सकाळी तिचं नाव विचारायच्या आधी त्याने विचारलं, "तू किती दिवस आहेस?" तिला गंमत वाटली. मग तो तिला चिकटलाच. ओल्या वाळूत बिळाभोवती बारीक गोळ्या पसरलेल्या दिसल्या की आत खेकडा आहे असं समजायचं, हे त्याने तिला शिकवलं. शेवटून दुसऱ्या दिवशी मात्र दोघांनी मिळून केलेला किल्ला त्याने लाथ मारून मोडला आणि दुपारभर तिच्याशी बोलला नाही. निघायच्या सकाळी बस लागली, तेव्हा तिच्या कमरेला मिठी मारून सोडेना. ती गडबडून बोलून गेली, "पुढच्या वर्षी नक्की येईन."

पुण्यात आल्यावर टॅबलेटवरून त्याचे मेसेज सुरू झाले, रोज, बहुधा झोपायच्या वेळेला. ती उत्तरं देत राहिली. मग एक दिवस अनाथाश्रमातल्या स्वयंसेवकांवरचा एक लेख वाचनात आला: लळा लावून निघून जाणाऱ्या अशा स्वयंसेवकांमुळे मुलांचं नुकसानच होतं, असं सांगणारा. तो वाचून झोप उडाली. असे आणखी लेख शोधून शोधून वाचले आणि मग माझ्याकडे आली. मंडळीतल्या बायकांनी "देवाने तुला वापरलं" म्हणून समजूत घातली होती. तिच्या श्रद्धेत मी लुडबुड केली नाही, पण त्या वाक्याने तिचा प्रश्न सुटला नव्हता, हे दिसतच होतं.

मी सगळ्यात आधी एक विचारलं. त्याने असं काही सांगितलं का, जे कुणाला सांगू नकोस म्हणाला? मारहाण, नकोसा स्पर्श, घरातली भीती? तसं काही असतं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच पाहावं लागलं असतं. आपल्याकडे 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे आणि देश कोणताही असला तरी असलं गुपित स्वयंसेवकाने पोटात ठेवायचं नसतं. तसं काही नव्हतं.

मग त्या लेखांकडे वळलो. त्यात लिहिलं होतं ते खरंच आहे. आईपासून दीर्घकाळ तुटलेल्या मुलांबद्दल ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तेव्हापासून संस्थेत वाढणाऱ्या मुलांच्या या दुःखाकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेच्या धोक्याची दखलही घेतली. पण त्या मुलांना रात्री कुशीत घेणारं कायमचं माणूस नसतं. दर पंधरा दिवसांनी नवी ताई, नवा दादा येतो, लळा लावतो आणि जातो. या मुलाचे आईवडील शंभर पावलांवर सभागृहात बसले होते, दुपारी जेवायला एकत्र होते, रात्री शेजारी झोपत होते. त्याचा मूळ आधार जागेवर होता. त्याला एका आठवड्यात तू आवडलीस, यात त्याचं काही बिघडलं नाही. जीव लावता येणं ही मुलाच्या तब्येतीची खूण आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

मग त्याला काहीच लागलं नसेल का? लागलं, पण ते वेगळं. तिच्या आजीच्या तोंडी मिशनच्या शाळेतल्या मिसबाई अजून असतात. त्या बायकांची शिस्त, त्यांचं शिवणकाम, सगळं आजी सांगते. त्या काळच्या मिशनरी कुटुंबांतली मुलं कशी वाढत होती, याचा मात्र आपण फारसा विचार केलेला नसतो. महाराष्ट्रात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची कुटुंबं उन्हाळ्यात महाबळेश्वरला चढत. कोडाईकनालला अशा मुलांसाठी 1901 मध्ये शाळाच निघाली. मुलं डोंगरावर वसतिगृहात, आईवडील खाली कामाच्या गावी, असं कित्येकांचं लहानपण गेलं. आता बरीचशी मुलं आईवडिलांजवळ राहतात, पण भोवतालची माणसं टिकत नाहीत. शेजारचं कुटुंब मायदेशी जातं, जिवलग मित्राच्या वडिलांचा व्हिसा संपतो, आपणच सुट्टीला म्हणून अमेरिकेला जातो आणि परत येतो तो दुसऱ्याच शहरात. रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ 1950 च्या दशकात भारतात राहून इथल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. अशा मुलांना त्यांनी 'थर्ड कल्चर किड्स' म्हटलं, म्हणजे आईवडिलांची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी आणि या दोहोंच्या मधल्या तिसरीत वाढणारी मुलं. पुढे याच विषयाचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड पोलॉक यांनी याच मुलांच्या न संपलेल्या दुःखावर बरंच काम केलं. निरोपांची संख्या मोठी असते आणि त्यातले पुष्कळसे धड घेतलेलेच नसतात, हे त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडणारं निरीक्षण.

त्या मुलाचा पहिला प्रश्न आता तिला वेगळा ऐकू आला. तू किती दिवस आहेस, म्हणजे मी किती जीव लावू? सात वर्षांच्या पोराने हिशेब मांडलेला होता. किल्ला का मोडला, हेही मग लक्षात आलं. भांडून तोडलेल्या माणसाला सोडणं सोपं जातं. मोठी माणसंही बदलीच्या आधी शेजाऱ्यांशी क्षुल्लक कारणावरून वाजवून घेतात. तिने मात्र त्याचा अर्थ "मी त्याला नकोशी झाले" असा लावला होता आणि त्या दुपारी ती दुसऱ्या मुलांत जाऊन बसली होती.

माझ्या मते लळ्याने नुकसान होत नव्हतं. दोन गोष्टी अडचणीच्या होत्या: बसच्या दारातलं ते वचन आणि रात्रीचे मेसेज. पुढच्या वर्षी जाता येईल की नाही, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. मेसेज त्याच्या आईला ठाऊक आहेत का, हे तिने विचारलंच नव्हतं. मनात काही वावगं नसलं तरी मुलाशी आईवडिलांच्या पाठीमागे चालणारं बोलणं बरोबर नाही. त्याला त्यातून एवढंच कळतं की मोठ्या माणसांशी असं गुपचूप बोलायला हरकत नसते.

म्हणून ठरलं की आधी आईला कळवायचं आणि मग आईच्या हाती मुलाला एक पत्र द्यायचं. पत्राचा पहिला खर्डा तिने आणला तो दीड पानाचा. त्यात तीनदा माफी होती, "तुझी रोज आठवण येते, मी रडते" असंही होतं. ते सगळं काढायला सांगितलं. आपल्या रडण्याचं ओझं सात वर्षांच्या मुलाने का उचलावं? पोलॉक यांनी निरोपाचे चार भाग सांगितले आहेत: रुसवा मिटवायचा, समोरच्याने काय दिलं ते सांगायचं, निरोप स्पष्ट घ्यायचा आणि पुढे काय ते बोलायचं. ते समोर ठेवून तिने पुन्हा लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं, आशय असा:

"मी पुढच्या वर्षी नक्की येईन म्हणाले होते. ते मला अजून माहीत नाही, म्हणून तसं म्हणायला नको होतं. ठरलं की तुझ्या आईला कळवीन. किल्ला मोडलास म्हणून मी रागावलेली नाही. अलिबागला गेले होते, तिथेही वाळूच्या गोळ्या दिसल्या. भाच्याला बीळ दाखवलं आणि हे मला कुणी शिकवलं तेही सांगितलं. आता मी रोज मेसेज करणार नाही. नाताळला तुम्हा सगळ्यांना कार्ड पाठवीन. बाय."

"बाय" लिहिताना ती अडली. "लवकरच भेटू" असं लिहिलं तर नाही का चालणार, म्हणाली. मी म्हटलं, मग पहिली ओळ खोडावी लागेल.

आईचं उत्तर दोन दिवसांनी आलं. रात्रीच्या मेसेजांची तिला कल्पना नव्हती. टॅबलेट आता रात्री स्वयंपाकघरात राहतो. मुलाने पत्र दोनदा वाचून घेतलं, "म्हणजे ती येणार नाही?" असं विचारलं. आई म्हणाली, "अजून माहीत नाही." तो बरं म्हणाला आणि सायकल घेऊन बाहेर गेला. हे ऐकून आमच्या मुलीला थोडं लागलं. इतकं सहज? मी तिला ते लागू दिलं. आपल्यावाचून मुलाचं चालतं, हे प्रत्येक ताईला कधीतरी पचवावं लागतं. त्याची झोप, जेवण, खेळ महिनाभर बिघडलेलं राहिलं असतं, तर मी आईला तिथल्याच एखाद्या बालसमुपदेशकाकडे जायला सुचवलं असतं. तशी वेळ आली नाही.

पुढच्या वर्षीसाठी आयोजकांनी विचारलं, तेव्हा होकाराआधी तिने तीन गोष्टी मागितल्या. एका गटाला आठवडाभर तीच माणसं हवीत, रोज अदलाबदल नको. निरोप शेवटच्या संध्याकाळी मुलांसोबत बसून घ्यायचा, बसच्या दारात नाही. आणि नंतरचा संपर्क फक्त आईवडिलांमार्फत, हे सगळ्यांना आधीच सांगायचं. पहिल्या दोन त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरी त्यांच्या लेखी नियमांत पूर्वीपासूनच निघाली, फक्त कुणी कधी वाचून दाखवत नव्हतं. ऑफिसची रजा अजून मंजूर झालेली नाही, त्यामुळे मुलाच्या आईला तिने अद्याप काही कळवलेलं नाही.