परसात चितळ, दारात कुत्री: अंदमानातील नव्या बिऱ्हाडाचे प्रश्न

प्रश्न: यजमानांच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथे राहायला आलो. घर चिडियाटापूच्या वाटेवर आहे. दारात भटकी कुत्री बसून असतात, परसातील भाजी रात्री चितळे फस्त करतात आणि मागच्या आठवड्यात न्हाणीघरात वीतभर लांबीची गोम निघाली. मुले लहान आहेत. यांपैकी भीती कोणाची बाळगावी? कुत्र्यांना रोज पोळी घातली तर चालेल का?

उत्तर: तुमच्या पत्रात जिचा उल्लेखच नाही, त्या खाऱ्या पाण्यातील मगरीपासून सुरुवात करणे भाग आहे. ही मगर खाड्यांत आणि खारफुटीत राहते, मात्र उघड्या किनाऱ्यावरही ती येऊ शकते. २०१० मध्ये हॅवलॉक (आताचे स्वराज द्वीप) येथे समुद्रात उतरलेल्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. म्हणून सूचनाफलक असलेल्या ठिकाणी मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नका, तिन्हीसांजेनंतर खाडीकाठी जाऊ नका आणि मासळी साफ केल्यावर उरलेली घाण ओढ्यात टाकू नका, कारण त्या वासावर मगर त्याच जागी पुन्हा पुन्हा येऊ लागते.

चितळांपासून मुलांना फारसा धोका नाही; फक्त शिंगे असलेल्या नराच्या अगदी जवळ त्यांना जाऊ देऊ नये. हा प्राणी मुळात येथील नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तो मुख्य भूमीवरून आणून सोडला. त्याची शिकार करणारा वाघ किंवा बिबट्या येथे नसल्याने त्याची संख्या बेसुमार वाढली, आणि पोहत पोहत तो शेजारच्या बेटांवरही पोहोचला. कोवळी रोपे त्याच्या तोंडी पडत असल्यामुळे येथील जंगलाची नवी वाढ खुंटते, तिथे तुमच्या मेथीची काय कथा! मात्र कायद्याने तो संरक्षित आहे, त्यामुळे फास किंवा विजेची तार लावण्याचा विचारही करू नये. साधारण सहा-सात फूट उंचीचे जाळीचे कुंपण हाच खरा उपाय आहे; कमरेएवढे कुंपण चितळ सहज ओलांडते.

गोम मात्र दुर्लक्ष करण्याजोगी नाही. येथील मोठ्या गोमेचा दंश सहसा जीवघेणा नसला, तरी वेदना आणि सूज असह्य असते. न्हाणीघराच्या मोरीला बारीक जाळी बसवा, ओला पालापाचोळा आणि लाकडाचे ढीग भिंतीपासून दूर ठेवा, आणि मुलांना बूट झटकल्याशिवाय पाय घालू नयेत अशी सवय लावा. रात्री अंगणात जाताना विजेरी घ्यावी, कारण या बेटांवर मण्यार आणि नागही आहेत. गोमेचा दंश झाल्यास जागा साबणाने धुऊन डॉक्टरांकडे जावे. लहान मुलाच्या बाबतीत तर वाट पाहत बसू नये.

आता कुत्र्यांविषयी. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे देशातील रेबीजमुक्त प्रदेश मानले जातात, ही दिलासा देणारी गोष्ट खरी. तथापि मुख्य भूमीशी ये-जा सुरू असल्याने तिच्यावर विसंबून चावा घरगुती उपचारांवर सोडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवा आणि लस घ्यायची की नाही हे रुग्णालयात ठरू द्या. पोळीबद्दल म्हणाल, तर दारात घालू नका. दारात खायला मिळू लागले की कुत्री ती जागा आपली मानून राखू लागतात, आणि पहिली अडचण येते ती शाळेतून परतणाऱ्या मुलांची. घालायचीच असेल, तर शेजाऱ्यांच्या संमतीने वस्तीपासून दूर एक जागा व वेळ ठरवावी आणि त्याच कुत्र्यांच्या नसबंदीसाठी व लसीकरणासाठी नगरपरिषदेकडे किंवा पंचायतीकडे लेखी अर्ज करावा. ही जागा किनाऱ्यावर मात्र नसावी, कारण हिवाळ्यात तेथे कासविणी अंडी घालतात आणि भटकी कुत्री ती उकरून खातात.